स्लीपीहेड कोण आणि कुंभकर्ण कोण

नाताळच्या सुट्टीत भाची पुण्याहून आली होती, सोबत तिची तीन वर्षांची पोरगी. सकाळचे साडेनऊ झाले तरी पोरगी रजईत गुरफटून पडलेली. मग भाची तिच्याजवळ बसली, केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, स्लीपीहेड!" पोरगी हसली, परत तोंड लपवलं, परत तेच, असं दहा मिनिटं चाललं. आणि त्याच वेळेला, त्याच घरात, पडवीतल्या बाजेवर माझा पोरगा झोपून होता, अंगावर घोंगडी, पायावरचा चिखल तसाच वाळलेला, आणि माझी आई जाता-येता त्याला बोलून राहिली होती, "उठ न बे कुंभकर्णा, ऊन डोक्यावर आलं, लोकाइची पोरं वावरातून घरी आली!" आता हा कुंभकर्ण रात्री बाराला हरभऱ्याच्या ओलिताला गेला होता कारण लाइन, म्हणजे वीज, बाराला येणार होती, स्प्रिंकलरचे पाइप तीनदा बदलवून सहाला घरी आला होता, म्हणजे झोप झाली असेल फार तर तीन तास.

चिमुरडीला खेळ सापडला. पळत बाजेपाशी गेली आणि त्याच्या कानाशी ओरडली, "गुड मॉर्निंग स्लीपीहेड!" तो दचकून अर्धे डोळे उघडून म्हणतो, "कोणतं हेड? किती फुटाचं?"

घरभर हसण्याचा कल्ला. शहरातल्यांना कळलं नसेल तर सांगतो, मोटर घ्यायला गेलं की दुकानदार पहिले विचारतो हेड किती पाहिजे, म्हणजे पाणी किती उंच चढवायचंय. पोराच्या झोपेतही मोटरच चालू होती. मी पण हसलो. पण नंतर दिवसभर ते डोक्यातून जाईना, एका घरात दोघं झोपलेले, एकाला लाडाचं नाव आणि दुसऱ्याला राक्षसाचं, आणि राक्षसाचं नाव नेमकं त्याला जो रात्रभर जागला.

म्हणून भाचीला विचारलं की बाई हा शब्द नक्की काय आहे. ती म्हणाली, मामा, तो कौतुकाचा शब्द आहे, लहान पोरांना म्हणतात, नवराबायको एकमेकांना म्हणतात, जवळच्या मैत्रिणीला म्हणतात, बॉसला नाही म्हणत. मी जरा खोदून पाहिलं. इंग्रजीत हा शब्द चारशे वर्षांहून जुना आहे आणि सुरुवातीला इतका गोड नव्हता, त्याच्यात सुस्त, आळशी असाही अर्थ होता. गंमत अशी की इंग्रजीत असे हेड लावून केलेले बरेच शब्द शिव्याच आहेत, ब्लॉकहेड म्हणजे मठ्ठ, हॉटहेड म्हणजे तापट डोक्याचा. त्या सगळ्या शिव्यांच्या भाऊबंदकीत हा एकटा लाडाचा झाला, तोही बहुतेक लहान लेकरांच्या उशाशी वापरून वापरून. शब्द मऊ होतात ते असे, ज्याच्या तोंडून निघतात त्याचा आवाज त्यांना चिकटत जातो.

तिकडे फिनलंडमध्ये तर २७ जुलैला झोपाळू लोकांचा दिवसच असतो. घरात सगळ्यात शेवटी जो उठेल त्याच्यावर पाणी ओततात, आणि नानताली नावाच्या गावात दरवर्षी एका प्रसिद्ध माणसाला थेट समुद्रात फेकतात, सकाळी सातला, आणि तो पण हसत हसत जातो. आपल्याकडे उशिरा उठणाऱ्यावर तांब्या उपडा करायची पद्धत वर्षभर चालते, फक्त त्याचा सण केला नाही कोणी.

आता कोणी म्हणेल मराठीत एवढा प्रेमळ शब्दच नाही, आपण रुक्ष लोक. हे मला मान्य नाही. झोपेसाठी आपल्याकडे शब्दांचं कोठार आहे. पहाटेच्या झोपेला साखरझोप म्हणणारी भाषा रुक्ष कशी असेल? डुलकी आहे, पेंग आहे, झापड आहे, गुंगी आहे, डोळा लागणं आहे. आणि झोपाळू हा शब्दच बघा ना. त्याच्या रांगेत कोण कोण उभं आहे, मायाळू, दयाळू, कष्टाळू, लाजाळू, विसराळू. यातला एकही शब्द शिवी नाही. व्याकरणानं झोपाळूला मायाळूच्या शेजारी बसवलंय, आपणच त्याला तिथून उठवून आळशाच्या शेजारी नेऊन बसवला. आमच्याकडे ळ चा य होतो, आजी लहानपणी आम्हाला "माहा झोपायू" म्हणायची आणि ते ऐकायला स्लीपीहेडपेक्षा कमी गोड नव्हतं. पण ते किती वर्षांचं होईपर्यंत? पाच-सहा. हातात विळा धरता आला की झोपायू संपला आणि कुंभकर्ण सुरू झाला.

म्हणजे अडचण शब्दाची नाहीच. आपल्याकडे झोपेचं कौतुक त्याच्याच वाट्याला येतं ज्याच्या झोपण्यानं कोणाचं काम अडत नाही. तीन वर्षांची पोरगी झोपली तर कौतुक, सुट्टीवर आलेला जावई झोपला तर "झोपू द्या, थकले असतील प्रवासानं" (एसी डब्यात झोपूनच आलेला असतो तो), आणि गडी झोपला, सून झोपली, ओलित करून आलेला पोरगा झोपला की लगेच रामायण. इंग्रज लोक काही वेगळे असतील असं नाही, तिकडे पण कामावर डुलक्या घेणाऱ्याला मालक लाडानं स्लीपीहेड म्हणत नसणारच. पण मी माझ्या गावापुरतं बोलतोय.

आणि कुंभकर्णाचं तरी काय ऐकता. कथेत त्यानं मागायचं होतं इंद्रासन, सरस्वती जिभेवर बसली आणि तोंडून निघालं निद्रासन. म्हणजे त्याची झोप दुसऱ्यांनी ठरवून दिलेली होती. आळस नव्हता तो, फसवणूक होती. आपल्या पुराणात मुचकुंद पण आहे, त्याचं नाव मात्र कोणी कोणाला ठेवत नाही. हा राजा देवांच्या बाजूनं वर्षानुवर्षं लढला, लढाई संपल्यावर देव म्हणाले वर माग, तर हा म्हणाला मला फक्त झोपू द्या आणि जो मला उठवेल तो भस्म होवो. देवांनी दिलं. कालयवन त्याच्या गुहेत शिरला, लाथ मारून उठवायला गेला आणि जळून गेला. राज्य नाही, सोनं नाही, माणसानं देवाकडे झोप मागितली आणि देवाला ती मागणी रास्त वाटली. विठ्ठलाचं पण बघा, आषाढीच्या वारीत दर्शन चोवीस तास चालतं म्हणून देवाचा पलंग काढून ठेवतात, आणि वारी आटोपली की प्रक्षाळपूजा करून त्याचा शिणवटा घालवतात, काढा देतात. देव दमला हे आपल्याला कळतं. आणि आषाढी ते कार्तिकी देव झोपतो ते चार महिने म्हणजे आमच्या पेरणी, डवरणी, निंदण, फवारणीचे नेमके चार महिने, ते असो.

आता मुद्द्यावर येतो, कारण हे सगळं नुसतं शब्दांचं कौतुक करायला लिहिलेलं नाही.

शेतीपंपाला थ्री फेज लाइन चक्राकार पद्धतीनं येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आठ-दहा तास. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी त्या आठवड्यात रब्बीवाल्याचं घड्याळ उलटं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ओल्या वावरात अनवाणी चालायचं, कुठं साप, कुठं रानडुकरं, चंद्रपूर-गडचिरोलीकडं तर वाघ-बिबट्याची भीती, आणि मधेच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) फेज उडाला की बसा बांधावर शेकोटी करून. त्याच्यात ज्याचं वावर जंगलाला लागून त्याची खरिपात वेगळी जागल, मचाणावर बसून डबे बडवायचे. आणि विशेष म्हणजे ही वीज तयार होते कुठं? चंद्रपूरला. २९२० मेगावॅटचं केंद्र आहे तिथं, शिवाय कोराडी, खापरखेडा आहेच. कोळसा आमचा, धूर आमचा, राख आमची आणि लाइन रात्री बाराला.

त्याच चंद्रपूरच्या वीज केंद्रात रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपला तर घरातले पोरांना दटावतात, "हळू बोला, बाबा नाइट करून आले." काय सन्मानाचा शब्द आहे बघा, नाइट करून आले. माझा पोरगा पण नाइटच करून आला होता. पण त्याच्या नाइटला हजेरीपट नाही, त्याला ठरलेली सुट्टी नाही, म्हणून ती नाइट धरलीच जात नाही. जे कागदावर नाही ते जागरण नाही.

विज्ञानाचं म्हणाल तर २०१७ सालचं वैद्यकाचं नोबेल तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना शरीरातल्या घड्याळावरच्या कामासाठी मिळालं, हॉल, रॉसबॅश आणि यंग. फळमाशीवर काम करून त्यांनी दाखवलं की दिवस-रात्रीचं घड्याळ पेशीच्या आत जनुकांवर चालतं. म्हणजे झोप ही काही नुसती सवयीची गोष्ट नाही की दोन दिवस मन घट्ट केलं आणि बदलली. लाइनचं टाइमटेबल आठवड्याला बदलतं, पेशीचं तसं बदलत नाही. मोठ्या माणसाला रोजची सात तास तरी झोप पाहिजे असं डॉक्टर सांगतात, आणि ती दिवसा ऊन्हात, माश्यांत, गावच्या भोंग्याच्या आवाजात होत नाही. उन्हाळ्यात तर रात्रीची पण नाही. अंग जरा गार झाल्याशिवाय झोप लागत नाही आणि आमच्या इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रात्री भिंती आग ओकतात, कूलर चालू असला तर असला, लाइन गेली की सगळं गाव अंगणात बाजा टाकून डास मारत बसलेलं. त्या दिवसांत दुपारी जो तो सावलीत आडवा झाला तर बाहेरून आलेला साहेब म्हणतो विदर्भातले लोक आळशी. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय, कधी ऑफिसात, कधी रेल्वेत, कधी आपल्याच तिकडच्या पाहुण्यांकडून.

दिवसा लाइन द्यायची गोष्ट सरकारला पटली नाही असं नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, आणि सुरुवातीला जी दोन गावं घेतली त्यात राळेगणसिद्धीच्या जोडीला आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी होतं. २०२३ ला तिची दुसरी आवृत्ती आली. सोलर फीडरवरून दिवसा लाइन, कल्पना एकदम बरोबर. माझं म्हणणं एवढंच की तिचा हिशोब नेहमी मेगावॅट, सबसिडी आणि पैसे किती वाचले यातच मांडला जातो, झोपेच्या तासात कोणी मांडत नाही. तो मांडायला पाहिजे. ज्या फीडरवर दिवसाची लाइन आली तिथल्या किती माणसांची किती रात्रींची झोप परत आली हे पण मोजा ना. ती पण शेतकऱ्याची कमाईच आहे, सातबाऱ्यावर चढत नसली तरी.

"लवकर निजे लवकर उठे, तया ज्ञान आरोग्य संपत्ती भेटे" हे तर सगळ्यांना पाठ आहे, शाळेच्या भिंतीवर असतं. (ही म्हण सुद्धा इंग्रजीतल्या म्हणीची जुळी बहीण आहे, म्हणजे उसनं काही आजच घेऊन राहिलो असं नाही.) पण तिच्यात पहिली अट काय आहे, लवकर निजे. ती अट गाळून आपण नुसत्या दुसऱ्या अर्ध्यानं लोकांना झोडपतो. तुकडोजी महाराजांच्या गावोगावच्या मंडळांत सकाळी सामुदायिक ध्यान असतं तसं संध्याकाळी प्रार्थना पण असते, दिवसाला दोन टोकं होती, संध्याकाळचं टोक आपण सोडून दिलं. आणि दुसरं, लवकर उठल्यानं संपत्ती भेटत असती तर कापूस पिकवणारा माणूस देशात सगळ्यात श्रीमंत पाहिजे होता. चारला उठणारा जिल्हा आहे हा. बायकांचं तर विचारूच नका, २०२४ च्या सरकारी वेळवापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात गेलेले आहेत आणि पुरुषांचे ८८. ते दोनशे मिनिटं कुठून येतात? पहाटेतून येतात नाहीतर रात्रीतून. आमच्या इथं कापूस वेचायला जाणारी बाई पहाटे उठते, पाणी, स्वयंपाक, डबे, मग दिवसभर ओटी बांधून पऱ्हाटीत, संध्याकाळी परत चूल. ती बसमध्ये पेंगली तर कंडक्टर ओरडतो.

पोरांचं एक चांगलं झालं, आणि चांगल्याला चांगलं म्हणावं. डिसेंबर २०२३ ला तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी पोरांची झोप होत नाही म्हणून शाळेच्या वेळा बदला असं सांगितलं आणि फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय निघाला की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. लोक हसले, व्हॉट्सॲपवर जोक आले, दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांनी अडचणी सांगितल्या. पण सरकारी कागदावर असं आलं की पोरगं वर्गात पेंगतं त्यात घंटेची पण चूक असू शकते. माझी तक्रार आहे ती पुढची. चौथीवर थांबले. खरी झोप मोडते ती आठवी-नववीच्या पोरांची, त्या वयात शरीरातलं घड्याळच उशिराकडं सरकतं, रात्री अकराशिवाय झोप येत नाही आणि सकाळी डोळा उघडत नाही. कॅलिफोर्नियानं २०१९ ला कायदा केला, २०२२ पासून तिथलं हायस्कूल साडेआठच्या आधी भरत नाही. आमच्या खेड्यातून तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जाणाऱ्या पोरांना व्हॅन सव्वासहाला उचलते, कारण व्हॅनला सात गावं फिरायची असतात, शाळेची घंटा कधीची पण असो. घंटा बदलली तरी व्हॅनचा फेरा बदलल्याशिवाय गावातल्या पोराची पहाट वाचत नाही. आणि एक सांगतो, सतत पेंगणाऱ्या पोरीला बाकावर उभं करण्याआधी तिचं रक्त तपासा. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे, आणि आमच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. तिला स्लीपीहेड म्हणणं पण चूक आणि आळशी म्हणणं पण चूक.

आता मला माहिती आहे खाली कमेंटमध्ये काय येणार. काका, खरे आळशी पण असतात, रात्री दोनपर्यंत रील्स पाहतात आणि दहाला उठतात. असतात ना. आमच्या गल्लीतच चार नमुने आहेत, पारावर बसून ओटीपी आल्यासारखं मोबाइलकडं पाहत राहतात. त्यांच्यासाठी वकिली नाही करून राहिलो मी. पण झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळत नाही की हा रील पाहून झोपला की पाणी देऊन. दोघं सारखेच दिसतात. आणि बोलायला आपण सुरुवात करतो ती नेहमी बाजूच्या बाजेवरून, जिथं उलट उत्तर मिळणार नाही तिथून. हायवेवर अपघात झाला की बातमीत एक ओळ येते, चालकाला डुलकी लागली. झालं, केस संपली. २०२५ पर्यंत मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा होता, दिवसाला आठ तासांची मर्यादा त्यात पण होती आणि त्याच्या जागी आलेल्या कामगार संहितेत पण आहे, तो माणूस किती तासांपासून स्टिअरिंगवर होता आणि कोणी बसवला होता हे पुढच्या ओळीत कधी येत नाही. गुन्हा डुलकीचा, ड्युटी लावणारा मोकळा.

शब्द बाहेरून आला त्याचं मला काही वाटत नाही. टेबल आलं, मोटर आली, लाइन आली, हे पण येऊ दे. पण तो फक्त कॉन्व्हेंटच्या पोरांसाठी ठेवू नका. माझ्या घरात तरी मी एक नियम केला, रात्रीच्या लाइनचा आठवडा असला की पोराला दहाच्या आधी कोणी हाक मारायची नाही आणि पडवीत भांडी आपटायची नाहीत. भाचीची पोरगी गेली पण शब्द ठेवून गेली, बायको आता त्याला चहा देताना म्हणते, "उठा फूटवाले हेड."

आईला हे काही पटलं नाही. तिचं म्हणणं आम्ही असं लाडावलं असतं तर तुह्या बापानं वावर विकलं असतं. चारला उठते अजून, सत्तरी ओलांडली तरी. काल दुपारी अडीचला बाहेरून आलो तर पडवीत तीच बाजेवर, कुशीवर, तोंड अर्धं उघडं. मी चपला हातात घेऊन आत गेलो तरी तिला चाहूल लागलीच, झटकन उठून बसली, पदर नीट केला. मी म्हटलं, आई, झोप ना, काहून उठली? तर म्हणे, "कोण झोपलं? मी कुठी झोपली? नुसती पडली होती."

गालावर बाजेच्या सुतळीचे वळ उमटलेले होते, चांगले खोल.